बाभळीचं माहेर

आमच्या ह्यांना पाखरांचं वेड आहे, ही गोष्ट लग्नाआधी मला कोणी सांगितली नाही. मुलगा नागपुरात सदरला सरकारी कचेरीत आहे, निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं. निर्व्यसनी! अरे बाप्पा! लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हे मला फुटाळा तलावावर घेऊन गेले. मला वाटलं, फिरायला. मी नवी साडी नेसले, वेणीत शेवंती माळली, आणि हे काठावरच्या चिखलात पालथे पडून एका बदकाकडे बघत राहिले. मी मागे छत्रीसारखी उभी. येणारेजाणारे माझ्याकडे दयेनं बघून पुढे जात होते.

मीही काही कमी नव्हते म्हणा. सदरच्याच एका मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि माझं वेड इजिप्तचं. सहावीच्या पुस्तकात त्याला जेमतेम दोन पानं होती, ती मी आठवडाभर पुरवायचे. फळ्यावर पिरॅमिड काढायचे, खाली नाईल काढायचे, नाईलमध्ये नाव सोडायचे. मुली आपसात म्हणायच्या, बाईंचा समोसा सुरू झाला. म्हणोत बापड्या. आमचे धाकटे दीर एका कंपनीच्या कामावर कैरोला गेले आणि "वहिनी, या एकदा" म्हणू लागले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ह्यांना मात्र त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. "मेलेल्यांची घरं पाहायले इतक्या दूर कायले जायचं? तिथं ना झाड ना झुडूप," म्हणायचे आणि दुर्बीण पुसत बसायचे.

झाड म्हणजे ह्यांच्या लेखी आमच्या अंगणातली बाभूळ. नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला तेव्हा ती रस्त्याकडच्या कोपऱ्यात आधीच उभी होती. बाकीच्यांनी आपापल्या प्लॉटवरची काटेरी झाडं काढून आंबे, पेरू लावले. ह्यांनी बाभळीला वाचवून घराचा नकाशा काढायला लावला. तिनं माझ्या किती साड्या फाडल्या आणि ह्यांच्या सायकलीची किती पंक्चरं केली, ते विचारूच नका. पण हिवाळ्यात तिच्यावर थरथऱ्या यायचा, विटकरी पोटाचा, सारखी शेपटी थरथरवणारा चिमुकला पक्षी. हे खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायचे. "पाहुणा आला," म्हणायचे. "हिमालय ओलांडून येते हे पाखरू, अन् उतरते कुठं, तर आपल्या घरी!" खाटीक पक्षी यायचा, हुदहुद तुरा उघडमिट करत खाली फिरायचा. आम्हाला मूलबाळ झालं नाही. घरात हक्कानं येणारंजाणारं तेवढंच होतं, म्हणून मीही बाभळीला फार बोलायचे नाही.

बोलायची वेळ आली ती माझ्या बाबांमुळे.

बाबा विणकर. इतवारीपलीकडे विणकरांच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागाची. आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, बाबा त्या धोट्यात घालून विणायचे, आणि दोघांच्या मिळून हातून नऊवारी लुगडं उतरायचं. आई गेली आणि माग बंद पडला. विणणं हे एकट्याचं काम नव्हेच. भरलेली कांडी पुढे करणारं कोणीतरी लागतं. मग बाबा त्या बंद मागासमोर दिवसभर बसून राहायचे, सकाळी भात टाकायचे आणि तोच दोन वेळा खायचे.

मी म्हणायचे, बाबा, माझ्याकडे चला. पण आमच्यात जुनी रीत होती. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला मूल झालं नाही आणि बाबांनी रीत सोडली नाही. माझ्याकडे यायचे ते इतवारीपासून पायी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेचा नळ होता. तिथं वाकून ओंजळीनं पोटभर पाणी पिऊन घ्यायचे, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचे, आणि मग आमचं फाटक उघडायचे. हे सगळं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. घरात माठ काठोकाठ भरलेला, आणि माझा बाप उन्हात नळाखाली वाकलेला! इतकी वर्षं बघितलं, पण एकदाही सवय झाली नाही.

एका दिवाळीच्या आधी बाबा मोरीत घसरून पडले आणि दुपार टळेपर्यंत कोणाला कळलं नाही. मी जाऊन अक्षरशः हात जोडले. रडले, भांडले. शेवटी बाबा म्हणाले, "बरं. पन मले वेगळं दार पायजे, रस्त्याकडून. माझी चूल माझी, माझं पानी माझं. मंग लेकीच्या घरी राहून राहिलो असं नाही होत. लेकीच्या शेजारी राहून राहिलो असं होते." मी डोळे पुसले आणि लगेच हो म्हटलं. रस्त्याकडून दार काढता येईल अशी जागा आमच्याकडे एकच होती, आणि तिथं बाभूळ होती.

ह्यांना सांगितलं. हे नुसते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "बाबाले सांग, जावयानं शब्द दिला. तोडू. फक्त हा हिवाळा जाऊ दे. पाहुणा आलेला आहे, त्याच्या देखत घर नाही पाडत कोणी. होळीनंतर तोडू." ह्यांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, "मग तोवर कैरोला जाऊन येऊ. बाभळीच्या शास्त्रीय नावातच नाईल आहे, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" हे जरा उजळले. "सांगतो तर! माहेर आहे तिचं तिथं. चल, तोडायच्या आधी तिचं माहेर तरी पाहून येतो."

झालं. नाताळच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही निघालो. आता सांगते ते फक्त नागपूरकरच करू जाणे. दिरांनी कळवलं होतं की इथे या दिवसांत थंडी असते, गरम कपडे आणा. आम्ही दोघं पोट धरून हसलो. वाळवंटात म्हणे थंडी! अहो, मे महिन्यात खिशात कांदा टाकून भरदुपारी कचेरीत जाणारी माणसं आम्ही, आम्हाला उन्हाचं कोण शिकवणार? मी मलमलच्या साड्या भरल्या, ह्यांचे अर्ध्या बाहीचे बुशशर्ट भरले, डोक्याला बांधायला दोन मोठे दुपट्टे घेतले. कैरीच्या पन्ह्याचा उन्हाळ्यात साठवलेला गर बरणीत घेतला. आणि लू लागू नये म्हणून कांदे. चांगले पिशवीभर.

निघताना बाबांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी एक जाड सुती चादर पुढे केली. त्यांच्या मागावरून उतरलेलं ते शेवटचं कापड होतं. त्याच्या कांड्या आईनं भरलेल्या होत्या. मी म्हटलं, "वाळवंटात चादर कायले, बाबा?" तर म्हणाले, "असू दे वं माय. जागा परकी हाय."

कैरोच्या विमानतळावर तिथल्या साहेबानं आमची पिशवी टेबलावर पालथी केली. कांदे घरंगळत चारी दिशांना. त्यानं एक कांदा उचलून हुंगला, आमच्याकडे बघितलं, पुन्हा कांद्याकडे बघितलं आणि असा हसत सुटला की शेजारचे दोघं बघायला आले. ह्यांनी कांदा बुशशर्टाच्या खिशात घालून, डोक्याला दुपट्टा बांधून खुणेनं सगळं समजावलं. त्यानं एक स्वतःसाठी ठेवून घेतला आणि बाकीचे परत भरून दिले. बाहेर पडलो तर काय विचारता! वारा असा बोचरा की दात वाजायला लागले. दीर कोट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून उभे, आणि त्यांचे भाऊ-भावजय मलमलमध्ये, हातात कांद्याची पिशवी. "वहिनी, मी कळवलं होतं," एवढंच म्हणाले बिचारे. ती सबंध सहल आम्ही दिरांच्या उसन्या स्वेटरांत आणि बाबांच्या चादरीत काढली. सकाळी ती माझ्या खांद्यावर असायची, संध्याकाळी ह्यांच्या.

पिरॅमिड बघून मी रडले. हे कबूल करायला मला मुळीच लाज वाटत नाही. जे इतकी वर्षं खडूनं काढलं ते समोर उभं होतं, आणि फळ्यावर मावेल असं त्यात काहीच नव्हतं. मी ह्यांचा हात धरायला गेले तर हात जागेवर नाही. हे खालच्या दगडांपाशी दुर्बीण लावून ओणवे. "इकडे ये, इकडे ये! धोबी! आपला धोबी! अंबाझरीच्या बांधावर पळते तोच! कसा शेपटी हालवून राहिला, पाह्य!" संतापानं माझ्या डोळ्यांतलं पाणी आटलं. मी म्हटलं, "अहो, माणसं जगाच्या टोकावरून येतात ते हे बघायला, आणि तुम्ही वीतभर पाखरू बघता?" तर म्हणतात, "ते कुठं जाते? ते तर उभंच आहे. पाखरू उडून जाईन ना!" पुढचे चार दिवस असंच चाललं. मी मूर्तीसमोर, हे गायबगळ्यांमागे शेतात. बाभूळ मात्र ह्यांना जागोजागी भेटली, कालव्याच्या काठाकाठानं. प्रत्येकीच्या खोडावर हात ठेवायचे. तेवढ्यापुरता माझा राग विरघळायचा.

दिरांच्या कामावर दक्षिणेकडचा एक माणूस होता. त्यानं सांगितलं की आमच्या भागात नदीपलीकडच्या टेकडीत जुनी थडगी कोरलेली आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर राजेबिजे कमी आणि कामकरी माणसं जास्त आहेत. शेतकरी, कोळी, विणकर. विणकर म्हटल्यावर मी हट्टच धरला. मला माग बघायचा होता, बघितल्याशिवाय बाबांना तोंड दाखवायचं नव्हतं. हे तयार झाले ते नदीतून नावेनं जायचं म्हणून.

आगगाडी, मग मोटार, मग नाव. पलीकडच्या तीरावरून टेकडीच्या अर्ध्यापर्यंत पायऱ्या. वर पोचलो तर खाली हिरवी पट्टी आणि नदी, आणि नदीवर एक कवड्या धीवर हवेत जागच्या जागी पंख मारत माशावर नेम धरून होता. झालं, हे तिथंच कठड्यावर बसले. "तुम्ही पाहून या," म्हणाले. मी आणि दीर आत गेलो. रखवालदार म्हातारा होता, लांब झगा घातलेला. त्यानं दारात एक आरसा धरला आणि उन्हाची तिरीप आत भिंतीवर टाकली. एवढासा उजेड, तो हलवेल तेवढंच दिसायचं.

आधी माग दिसला. जमिनीलगत पसरलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघी बाया उकिडव्या बसलेल्या. बाजूला एक सूत काढत होती. तिचा तो वर उचललेला हात! आमच्या आईचा हात अगदी तसाच जायचा वर. मी खांद्यावरच्या चादरीत तोंड खुपसून हुंदके देऊन रडले. दीर बिचारे घाबरून गेले. रखवालदाराला वाटलं, मला बरं वाटत नाही. त्यानं आरसा वळवून मला बाहेरची वाट दाखवली, आणि त्या वळण्यात उजेड आतल्या दाराच्या वरच्या भिंतीवरून सरकला.

तिथं बाभूळ होती.

मी "थांबा, थांबा" म्हणून मराठीतच ओरडले. त्याला कळलं, कारण उजेड थांबला. बारीक संयुक्त पानं, मधेमधे पिवळे गोंडे. फांद्यांवर पाखरं बसलेली. तुरा असलेला हुदहुद. डोळ्यावर काळी पट्टी असलेला खाटीक. आणि वर एक विटकरी पोटाचा, बारकासा. कोणीतरी आमचं अंगण उचलून त्या भिंतीवर ठेवून दिलं होतं.

आणि मग मी हाक मारता मारता थांबले. ह्यांना हाक मारली, ह्यांनी हे बघितलं, तर आमची बाभूळ आता तुटत नाही, हे मला स्पष्ट दिसलं. जिचं चित्र माणसानं आपल्या थडग्याच्या दारावर काढून घेतलं, तिच्यावर हे कुऱ्हाड घालू देणार? मग बाबांची खोली कुठली, आणि वेगळं दार कुठलं? हे बाहेर बसले होते, त्यांना पत्ताही नव्हता. मी नुसती गप्प बाहेर पडले असते तर ह्यांनी धीवर बघितला असता, मी माग बघितला असता, दोघंही सुखानं परत आलो असतो. रखवालदाराचा हात अवघडायला लागला, उजेड भिंतीवर थरथरायला लागला. माझ्या एका बाजूला माझा बाप आणि एका बाजूला माझा नवरा, आणि मधे ते झाड.

पण मला राहवेना. ज्या माणसानं आयुष्यभर "इकडे ये, इकडे ये" म्हणून दिसेल ते पाखरू मला दाखवलं, त्याच्यापासून हे लपवायचं? मी दारात जाऊन हाक मारली, "अहो, इकडे या!"

हे आले. बघितलं. मग हळूच म्हणाले, "हुदहुद... खाटीक... अन् हा थरथऱ्या. अगदी आपला नाही, आपल्याचा चुलतभाऊ असन. पण थरथऱ्याच." आणि हे बोलताबोलता ह्यांनी पायातल्या चपला काढल्या, देवळात काढतात तशा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी चादरीचं टोक पुढे केलं. निघताना ह्यांना रखवालदाराला काय द्यावं सुचेना. खिशात हात घातला तर कांदा. म्हाताऱ्यानं तो तिथंच दगडावर फोडला, भाकरीबरोबर खाल्ला आणि आम्हालाही एकेक पाकळी दिली.

परतीच्या वाटेवर मी वाट बघत होते, की आता हे विषय काढतील, आता काढतील. माझी भांडायची सगळी तयारी होती. पण हे अवाक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. होळी झाली. एका सकाळी अंगणात आवाज आला म्हणून बाहेर आले, तर फाटकाशी कुऱ्हाडवाला उभा. ह्यांनीच बोलावलेला. बाभळीवर थरथऱ्या अजून होता, आणि हे त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

"हे काय?" मी म्हटलं.

"शब्द दिला होता."

"ते भिंतीवरचं बघितल्यावरसुद्धा?"

"भिंतीवरची राहीनच वं. तिले काही होत नाही. तुझा बाप किती दिवस भात खाऊन राहीन एकटा?"

मी कुऱ्हाडवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. हे "काहून? काहून?" करत माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आले. मी म्हटलं, "माझ्या घरातलं येणंजाणं बंद नाही करायचं मला." आणि त्याच दुपारी बाबांकडे गेले, पाय ओढत.

बाबा मागासमोर बसलेले. मी एका दमात सांगून टाकलं, "बाबा, ती खोली नाही होत. मीच नको म्हटलं. ते झाड नाही तोडवत आमच्यानं." बाबांनी मागावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "चादर कामी आली का?"

मी चादरीचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, कांद्यांचं सांगितलं. त्यावर ते हसले. मग झाडाचं सांगितलं, आणि मागाचं. मागाचं म्हटल्यावर पुढे सरकून बसले.

"कोन बसलं होतं मागावर?"

"दोघी बाया होत्या. अन् बाजूला एक सूत काढून राहिली होती."

"म्हंजे एकटं कोनी नव्हतं."

"नाही बाबा."

बाबांनी मागाच्या लाकडावर हात ठेवला. म्हणाले, "जाय आता. जवाईबापू वाट पाहत असन." मी रस्ताभर रडत आले. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी खिडकीशी भाजी निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी बाबा दिसले, काखेत गाठोडं. नळापाशी आले आणि नेहमीसारखे थांबले. गाठोडं खाली ठेवलं, तोटी फिरवली. मी मान फिरवणार होते, पण फिरवली नाही. बाबांनी पाय धुतले. फक्त पाय. मग तोटी बंद केली, गाठोडं उचललं आणि आमचं फाटक उघडलं.

बाभळीखालून येताना धोतराला काटा अडकला. तो सोडवून घेत त्यांनी वर बघितलं. "हेच व्हय का तिची बहीण?" ह्यांना विचारलं. हे खुर्चीतून धडपडत उठले आणि मान हलवली. बाबा आमच्या दारातून आत आले, मधल्या खोलीतल्या खाटेवर बसले, गाठोडं उशाशी ठेवलं.

"पानी दे वं माय," म्हणाले. "लय तहान लागली."

मी माठातलं पाणी गडव्यात घेतलं. घाईत अर्धं माझ्या पायांवरच सांडलं. बाबांनी उरलेलं घटाघटा पिऊन टाकलं आणि गडवा पुढे केला.

"आनखी दे."